तो खाली होता म्हणून गरीब होता असं नाही

अरे,

तुझ्या विमानांच्या लढाईच्या गेमची क्लिप बघितली, दोनदा बघितली. तू ३००० मीटरवर, तो २००० वर, तू लगेच ठरवलंस की हा आपलाच, डाईव्ह मारलास, तो बाजूला सरकला आणि सरळ वर गेला, तूही नाक वर केलंस आणि तिथे लटकलास, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात तो तुझ्या शेपटीवर. वर मला लिहितोस की त्याचं विमान ओव्हरपॉवर्ड आहे. नाही रे बाबा. तू उंची मोजलीस, वेग मोजलाच नाहीस.

हिशोब शाळेतलाच आहे. वेग मीटर प्रति सेकंदात घे, त्याचा वर्ग कर, २० ने भाग, जे येईल तेवढे मीटर उंची त्या वेगात दडलेली आहे असं समज. ताशी ३६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १०० मीटर, म्हणजे साधारण ५०० मीटर. ताशी ७२० म्हणजे २०० आणि २००० मीटर, कारण वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते, आणि सगळी गंमत इथेच आहे. क्लिपमध्ये आकडे दिसतायत: तू ३६० ला, म्हणजे एकूण ३५००. तो ७२० ला, म्हणजे ४०००. हजार मीटर खाली असूनही श्रीमंत, म्हणजे उंची आणि वेग मिळून जास्त ऊर्जा असलेला, तोच होता. १९६० च्या दशकात जॉन बॉइड आणि थॉमस क्रिस्टी यांनी अमेरिकन हवाई दलात याच पायावर विमानांची तुलना मांडली, आपण तेच करतो, फक्त घाईत. (आणि हो, वेग ट्रू घ्यायचा, म्हणजे हवेतला खरा वेग, काट्यावरचा नाही. ६००० मीटरवर काटा ४०० दाखवतो तेव्हा खरा वेग ५४५ च्या आसपास असतो.)

आता तू म्हणशील त्याचा स्पीडोमीटर मला कुठे दिसतो. नाहीच दिसत. म्हणून तो आत्ता कुठे आहे यापेक्षा गेल्या अर्ध्या मिनिटात त्याने काय केलं हे बघ. डाईव्ह मारून आलाय? मग भरलेला आहे. कोणाबरोबर तरी तीन कचकचीत टर्न मारून सुटलाय? मग रिकामा, वर असला तरी. बराच वेळ चढतोय? म्हणजे हळू आहे. उंचीचा अंदाज क्षितिजावरून घे, तुझ्या विमानाच्या नाकावरून नको: जो क्षितिजरेषेच्या वर दिसतो तो तुझ्यापेक्षा उंच, बरोबर रेषेवर असेल तर तुझ्याच लेव्हलला.

मी स्वतः यात सपाटून मार खाल्लाय. मेसरश्मिट १०९ या जर्मन लढाऊ विमानात होतो, खालून एक स्पिटफायर (ब्रिटिश लढाऊ विमान) मागे चढत येत होतं, म्हटलं याला वर ओढू, हा स्टॉल होईल, म्हणजे वेग संपून पंख विमान पेलणार नाहीत, आणि मग वरून उचलू. सरळ उभा चढलो. वेगाचा काटा १५० वर आला, कंट्रोल्स ढिले पडले, मान मागे वळवली तर ते स्पिट तसंच वाढत येतंय, पंख क्षणाक्षणाला मोठे. ते आधी लांबून डाईव्ह मारून आलं होतं आणि मी तेव्हा नकाशा बघत बसलो होतो. तेव्हापासून उभं चढायच्या आधी थोडा वेळ तिरकं चढतो आणि मागे बघतो, अंतर वाढतंय का कमी होतंय. कमी होत असेल तर तो खेळ तिथेच सोडायचा, अजून वेग आहे तोवर निघायचं. शंका असली तर त्याच्याकडे आपल्याइतकं आहे असंच धरायचं, कंजूष माणसासारखं.

पुढच्या वेळी क्लिप पाठवशील तेव्हा मर्जच्या, म्हणजे दोघं भिडून एकमेकांना ओलांडतात त्या क्षणाच्या, आधीचं अख्खं मिनिट ठेव. तू नेमकं तेच कापतोस.