दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधल्या इटालियन कुटुंबांची निष्ठा नक्की कोणाकडे होती?

तुम्ही विचारलंय की शत्रूराष्ट्रातून आलेल्या या लोकांवर सरकारने संशय घेतला यात चूक काय, आणि मनातून ते कुठले होते. मी गेली अकरा वर्षं एडिनबरात राहतो, लीथ या बंदराच्या भागाकडे उतरणाऱ्या लीथ वॉक रस्त्यापासून पाच मिनिटांवर, म्हणून या शहराच्या अंगाने सांगतो.

10 जून 1940 ला मुसोलिनीने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं आणि त्याच रात्री जमाव इथल्या इटालियन दुकानांवर चालून गेला. दुकानं कसली, तर आइस्क्रीमची, फिश अँड चिप्सची, गोळ्या-चॉकलेटची. गल्लीतली पोरं तिथेच खाऊन मोठी झालेली. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, इथे एका रात्रीत गल्लीच फिरली.

माझ्या शेजारच्या आजी अशाच एका घरातल्या. तेव्हा त्या तान्ह्या होत्या, हे सगळं त्यांना आईने सांगितलेलं. दगडांनी दर्शनी काच फुटली, मागच्या बरण्या फुटल्या आणि लिमलेटच्या गोळ्यांत काचा मिसळल्या. आई पहाटेपर्यंत जमिनीवर बसून एकेक गोळी निवडत होती. निम्म्या निवडून झाल्यावर तिला वाटलं, लेकरांच्या तोंडात जाणारी वस्तू, एक कण राहिला तर? सगळ्या टाकून दिल्या. तिच्या नवऱ्याला पोलीस घेऊन गेले होते आणि तिचा सख्खा भाऊ ब्रिटिश सैन्यात होता. आता सांगा, या बाईची निष्ठा कोणाकडे मोजायची?

हुकूम असा होता की 16 ते 70 वयाचे आणि 20 वर्षांहून कमी काळ इथे राहिलेले इटालियन पुरुष ताब्यात घ्यायचे. शिवाय फाशिस्ट क्लबांच्या, म्हणजे मुसोलिनीच्या पक्षाच्या इथल्या शाखांच्या, सभासदांच्या याद्या होत्या. सभासद बरेच होते, हे मी नाकारणार नाही, आणि त्यांतले काही मुसोलिनीचे खरोखरचे भक्तही होते. पण मुलांना इटालियन शिकवायचं, आपल्या माणसांत चार घटका बसायचं, तर जागा तीच होती. सभासदांच्या यादीलाच धोकेबाजांची यादी मानलं, तिथे घात झाला.

धरलेल्यांपैकी सातशेहून जास्त इटालियनांना ‘अरँडोरा स्टार’ या बोटीवर घालून कॅनडाकडे रवाना केलं. डेकवर काटेरी तारा, सोबत संरक्षक जहाज नाही. 2 जुलै 1940 च्या सकाळी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने ती बुडवली. आठशेच्या वर माणसं गेली, त्यांत इटालियन 440 हून अधिक. देचिओ आन्झानी त्यांतलेच. लंडनमध्ये राहून आयुष्यभर फाशिझमशी झगडलेला हा माणूस फाशिस्ट समजून डांबला गेला आणि बुडाला. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं. मला हे आजही वाचवत नाही.

शिल्पकार एदुआर्दो पाओलोत्झी याच लीथचे, आइस्क्रीमवाल्याचा मुलगा. मुलांसाठी मुसोलिनीच्या राजवटीने चालवलेल्या इटलीतल्या शिबिरांना वडील त्यांना उन्हाळ्यात पाठवत. 1940 मध्ये सोळा वर्षांच्या या पोराला इथल्या सॉटन तुरुंगात टाकलं. वडील, आजोबा आणि मामा त्याच ‘अरँडोरा स्टार’वर बुडाले. पुढे 1943 मध्ये त्यालाच ब्रिटिश सैन्यात भरती केलं! लीथ वॉकच्या माथ्याशी त्यांनी घडवलेलं ब्राँझचं भलंमोठं पाऊल आहे, माझी मुलगी त्यावर चढून बसते. त्या शिल्पाच्या नावात इटलीतला मॉन्टे कॅसिनो हा मठाचा डोंगर आहे. त्यांच्या घराण्याचं गाव त्याच भागातलं.

मी मूळचा रायगडातल्या माणगावचा. आमच्याकडे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. 10 जुलै 1944 ला ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतून इटलीत लढताना ते पडले, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळालं. त्यामुळे लहानपणी इटली म्हणजे मला फक्त रणांगण वाटायचं. तिथून पोट भरायला बाहेर पडलेली माणसंही असतील, हे इथे येईपर्यंत डोक्यात आलं नव्हतं.

हे ब्रिटनपुरतं नव्हतं. अमेरिकेतही सहा लाखांच्या आसपास इटालियनांवर ‘शत्रूदेशीय परके’ असा शिक्का होता. बेसबॉलचा लाडका जो डिमॅजिओ, त्याचे वडील सॅन फ्रान्सिस्कोचे कोळी, त्यांना धक्क्यावर जायला बंदी झाली. ऑक्टोबर 1942 मध्ये शिक्का काढला गेला.

शेजारच्या आजींच्या आईने त्या रात्रीनंतर घराबाहेर इटालियनचा एक शब्द काढला नाही आणि मुलांनाही काढू दिला नाही. आजींना आज इटालियन येतं ते पदार्थांच्या नावांपुरतं आणि झोपताना म्हणायच्या एका प्रार्थनेपुरतं.