बॅकअपचं मशीन केवढं घ्यावं?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा डेटा ६ टीबी आहे, त्यातला रोज साधारण २०० जीबी बदलतो. लाइन १०० एमबीपीएसची. बॅकअपसाठी क्लाउडवर १६ कोअर, ६४ जीबी रॅमचं मशीन घ्या, असं व्हेंडर म्हणतो. एवढं लागेल?

आधी लाइन मोजा, मग मशीन. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, तासाला ४५ जीबी, तेही लाइन पूर्ण मोकळी असेल तर. २०० जीबी चढायला साडेचार तास लागणार. या वेगाने येणारा डेटा उतरवून घ्यायला ४ कोअर, १६ जीबी पुष्कळ झाले. कॉम्प्रेशन आणि एन्क्रिप्शन पाठवण्याआधी तुमच्याच सर्व्हरवर व्हायला हवं (होत नसेल तर ते आधी सुरू करा). उरलेले १२ कोअर बसून पगार खातील. पहिली पूर्ण कॉपी मात्र साडेपाच दिवस चालेल. जोडून सुट्ट्या आल्या की ती लावा.

प्रश्न : ॲमेझॉनच्या क्लाउडवर (एडब्ल्यूएस) टी३ मीडियम नावाचं मशीन घेतलंय, स्टँडर्ड मोडमध्ये. रात्री १० ला बॅकअप सुरू होतो, पहाटेपर्यंत पळतो, मग रांगायला लागतो.

क्रेडिट, म्हणजे मशीन जोरात चालवायची साठवलेली मुभा, संपतात, दुसरं काही नाही. या मशीनला २ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) दिसतात, पण कायमचा हक्क प्रत्येकी २० टक्क्यांचाच. तासाला २४ क्रेडिट जमा होतात, साठा ५७६ पर्यंत. दोन्ही व्हीसीपीयू पूर्ण जोरात चालले की ताशी १२० खर्च, म्हणजे ९६ ची तूट. भरलेली पिशवी सहा तासांत रिकामी! दिवसभर मशीन निवांत असलं तरी रात्रीपर्यंत ती पुन्हा काठोकाठ भरत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी लवकर दम लागतो. ‘अनलिमिटेड’ मोड लावला तर वेग टिकतो, पण जादा वापराचं बिल येतं. रोजच इतका जोर लागत असेल तर क्रेडिटची भानगड नसलेलं एम मालिकेतलं मशीन सरळ घ्या. त्याआधी क्लाउडवॉच या एडब्ल्यूएसच्या देखरेखीच्या साधनात क्रेडिट बॅलन्सचा आलेख बघा. तो शून्याला टेकत नसेल, तर संशय डिस्कवर घ्या : एडब्ल्यूएसच्या जीपी३ प्रकारच्या डिस्कला मुळात सेकंदाला १२५ एमबीच मिळतात.

प्रश्न : झेडएफएस या फाइल सिस्टीमवर डीडुप (सारखा डेटा एकदाच साठवणं) चालू करायचंय. रॅम किती?

१२८ केबीचे ब्लॉक धरले तर १ टीबी वेगळ्या डेटामागे सुमारे अडीच जीबी, निव्वळ कोणता ब्लॉक कुठे आहे याची नोंद ठेवणाऱ्या टेबलासाठी. पण बॅकअपचं सॉफ्टवेअर आधीच डीडुप करत असेल तर या फंदात पडू नका.

प्रश्न : सर्व्हर बसून सगळा डेटा बॅकअपमधून परत आणायचा (रीस्टोअर), अशा संकटाच्या दिवशी हेच छोटं मशीन पुरेल?

नाही. पण त्या एका दिवसासाठी वर्षभर मोठं मशीन पोसू नका. बंद करा, साइझ बदला, चालू करा. काही मिनिटांचं काम. फक्त तेवढ्या कोअरचा कोटा तुमच्या खात्यावर मंजूर आहे का, ते आजच बघा. खरी अडचण लाइनची : ६ टीबी खाली उतरवायलाही तेच साडेपाच दिवस. म्हणून रीस्टोअर क्लाउडमध्येच करून तिथूनच काम चालवायची तयारी ठेवा. आणि ताज्या प्रती ग्लेशियर डीप आर्काइव्ह या एडब्ल्यूएसच्या दीर्घकालीन साठवणीत टाकू नका; नेहमीच्या पद्धतीने मागितल्या तर हाती यायला १२ तासांपर्यंत लागतात.