फेयादपासून सुरुवात करताय? मग हे ऐका

लुई फेयाद म्हणजे मूकपटांच्या काळातला फ्रेंच दिग्दर्शक. त्याच्या 'ले व्हांपीर' या चित्रपटमालिकेला लगेच हात घालू नका. दहा भाग, जवळपास सात तास. नवख्या माणसाचा दम तिथेच संपतो. आधी त्याचाच 'फांतोमास' घ्या. १९१३-१४मधले पाच चित्रपट आहेत, रोज एकच बघा.

कॅमेरा फारसा हलत नाही, म्हणून कंटाळू नका. फेयाद पात्रांना चौकटीत खोलवर मागे-पुढे हलवतो, त्यामुळे मागचं दार, पडदा, कोपरा यांच्यावर नजर ठेवा. दुसऱ्या चित्रपटात बेर्सीच्या धक्क्यावर दारूच्या पिंपांआडून चाललेला गोळीबार तर दोनदा बघाच. खरं पॅरिस, खरा धक्का! मला तरी हेच या चित्रपटांचं सर्वांत मोठं वैभव वाटतं.

मग 'ले व्हांपीर' (१९१५-१६). युद्धामुळे ओस पडलेले रस्ते आणि काळ्या घट्ट पोशाखातली अभिनेत्री म्युसिदोरा. तिची इर्मा व्हेप एकदा पाहिली की विसरता येत नाही.

दिग्दर्शक व्हिक्तोरँ जासेलाही वगळू नका. त्याचा 'झिगोमार' १९११चा, म्हणजे फांतोमासच्याही आधीचा. जासे १९१३मध्येच गेला, म्हणून त्याचं नाव मागे पडलं असावं.

आणि प्रत शक्यतो पुनर्संचयित केलेलीच शोधा. धूसर प्रतीत चौकटीतला मागचा भाग दिसतच नाही.