सायप्रसचा पर्यटक-आकडा वाचायचा तर

आधी आकडा कशाचा आहे ते बघ. सायप्रसचं सांख्यिकी खातं दरमहा जे पर्यटक-आगमन जाहीर करतं, ते फक्त प्रजासत्ताकाच्या ताब्यातल्या भागाचं असतं. १९७४ च्या तुर्की आक्रमणापासून तुटलेला, तुर्की सायप्रियटांच्या हाती असलेला बेटाचा उत्तर भाग त्यात नाही. तरी हाच आकडा 'बेटावर इतके आले' म्हणून बिनधास्त छापणारे तुला पावलोपावली भेटतील. क्रूझमधून उतरून संध्याकाळी परत जाणाराही पर्यटक धरत नाहीत, किमान एक रात्र मुक्काम लागतो.

टक्केवारीवर लगेच भाळू नकोस. २०१९ मध्ये सुमारे ३९.८ लाख आले, २०२० मध्ये कोविडमुळे जेमतेम ६.३ लाख. त्या वर्षाशी तुलना केली की काहीही भरभराटीचंच दिसतं! तळरेषा २०१९ धर.

२०२४ मध्ये ४० लाखांचा टप्पा ओलांडला, म्हणजे सगळं पूर्ववत झालं? नाही. माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे. २०१९ मध्ये ब्रिटिशांखालोखाल रशियन होते, पावणेआठ लाखांच्या वर. २०२२ मध्ये युरोपीय संघाने रशियन विमानांना आकाश बंद केलं आणि ती बाजारपेठ जवळजवळ नाहीशी झाली. इस्रायल, पोलंड यांनी बरीच भर घातली. बेरीज तेवढीच, माणसं वेगळी. म्हणून देशनिहाय तक्ता, मुक्कामाच्या रात्री आणि दरडोई खर्च शेजारी ठेवूनच बोल.

आणि मार्च-एप्रिलचे महिने एकत्र वाच. २०२४ मध्ये पाश्चात्त्य ईस्टर ३१ मार्चला होता, २०२५ मध्ये २० एप्रिलला, आणि ब्रिटिशांच्या सुट्ट्या त्याच्याबरोबर सरकतात.