दाजींशी वाद: कार्ड की गावचा दवाखाना?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. दाजी म्हणतात, सरकारने पैसा आयुष्मान कार्डात घालावा. तुम्ही म्हणता, आधी गावच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) डॉक्टर आणि औषधं द्या. तुम्ही आकडे काढलेत, तर ते म्हणाले, "हे तुमच्या पार्टीचे आकडे." म्हणून विचारताय की दाजी डोकं वापरतच नाहीत का.

वापरतात हो, भरपूर वापरतात. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॅन कहान यांनी २०१३ साली एक प्रयोग मांडला. तेच आकडे काहींना त्वचेच्या मलमाचे म्हणून दाखवले, काहींना बंदूकबंदीचे म्हणून. मलमाच्या वेळी गणितात पक्के लोक बरोबर निघाले. बंदुकीच्या वेळी मात्र आपल्या बाजूविरुद्ध उत्तर येतंय म्हटल्यावर त्यांचंच गणित जास्त घसरलं. डोकं होतं, पण ते वकिली करत होतं.

म्हणून वादाचे तुकडे पाडा. कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ॲडमिट झालं तर. महिन्याच्या महिन्याला निपाणीच्या मेडिकलमधून आणायच्या शुगर-बीपीच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. उलट बायपास पीएचसीत होत नाही. एवढं दोघांनीही कबूल करायला हरकत नसावी, इथं पार्टीचा संबंध नाही.

पुढचं आकड्यांनी सुटत नाही. आपल्याकडे कर्नाटकात हे ५ लाख बीपीएलला (दारिद्र्यरेषेखालच्यांना), एपीएलला (रेषेवरच्यांना) मात्र उपचाराच्या ठरलेल्या दराच्या ३० टक्केच, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. चार एकर ऊसवाला एपीएल कार्डधारक एका ऑपरेशनमध्ये अख्ख्या हंगामाचं ऊसबिल घालवून बसतो. मग आधी त्याला द्यायचं की बिनजमिनीच्या मजुराला? मी मजुराच्या बाजूचा. पण दाजी ऊसवाल्याच्या बाजूचे असले म्हणून ते अडाणी ठरत नाहीत.

आणि आपल्या सीमाभागात तिसरी भानगड आहे ती झेंड्याची, म्हणजे कुठल्या राज्याने दिलं याची. २०२३ च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने आपली फुले जनआरोग्य ही मोफत उपचारांची योजना कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना द्यायचं ठरवलं आणि कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी विरोध केला. तेव्हा आमच्या कट्ट्यावर कुठली ऑपरेशनं, कुठला दवाखाना, कागद काय लागणार, हे कुणीच विचारलं नाही. एरवी 'फुकट वाटून देश बुडवला' म्हणणारेही गप्प. २०१८ साली गोव्याने बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात परराज्यातल्या पेशंटला फी लावली, तेव्हा आपल्याला माणुसकी आठवली होती. उद्या बेळगावच्या सिव्हिलने महाराष्ट्रातल्या चंदगडकरांना तशीच फी लावली तर आपण काय बोलू, हे एकदा स्वतःशी ताडून बघा.

दाजींना पुढच्या वेळी इतकंच विचारा, "कुठला आकडा दिसला तर तुमचं मत बदलेल?" 'कुठलाच नाही' म्हणाले तर मोबाईल खिशात ठेवा आणि आधी कुणाला द्यायचं यावर बोला. तुमचं उत्तरही तयार ठेवा, ते उलटून विचारणारच. आणि हे जेवताना काढू नका, अक्काला ताप होतो.