कॅमेऱ्याचे कर्ज बारा महिन्यांचे, मुहूर्त मात्र मोजक्या महिन्यांचे

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. वय ३४, पत्नी, एक मुलगी आणि आई असे कुटुंब असून ते गेली नऊ वर्षे लग्नाचे आणि व्यक्तिचित्रांचे छायाचित्रण करतात. एका पतपुरवठा सोसायटीकडून, आईच्या नावावरची शेतजमीन तारण ठेवून, १२ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी ८ लाख रुपये घ्यावेत असा त्यांचा विचार आहे. त्यातील ५,२०,००० रुपयांत नव्या मिररलेस कॅमेऱ्याचे लेन्ससह दोन संच आणि २,८०,००० रुपयांत बेळगावला टिळकवाडीत भाड्याच्या गाळ्यात स्टुडिओ, अनामत व सजावटीसह, अशी योजना आहे. गाळ्याचे भाडे दरमहा १२,००० रुपये आहे. हे कर्ज घ्यावे का, आणि महाराष्ट्रातील ऑर्डरी घेतल्यास जीएसटीची नोंदणी करावी लागेल का, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

आपण हिशेबाची वही इतकी नीट ठेवली आहे की उत्तराचा अर्धा भाग तिच्यातच सापडतो. गेल्या वर्षी आपण २६ लग्ने केली आणि सरासरी ४२,००० रुपये घेतले. त्यातून मदतनीस छायाचित्रकार व व्हिडिओवाल्याचे १०,०००, अल्बमचे ७,५००, एडिटिंगचे ४,०००, भाड्याने आणलेल्या कॅमेऱ्याचे ३,५०० आणि प्रवासाचे २,००० वजा जाता एका लग्नामागे आपल्या हाती १५,००० रुपये राहिले. २६ लग्नांचे ३,९०,००० आणि बारसे, प्री-वेडिंग, व्यक्तिचित्रे यांतून खर्च वजा जाता १,२०,००० असे एकूण ५,१०,००० रुपये झाले. घरखर्च महिना २८,००० म्हणजे वर्षाला ३,३६,००० आहे. तो वजा केल्यावर उरतात १,७४,००० रुपये.

आठ लाखांच्या कर्जाचा हप्ता दरमहा सुमारे १७,८०० रुपये, म्हणजे वर्षाला २,१३,६०० रुपये बसेल, आणि गाळ्याचे भाडे वर्षाला १,४४,००० होईल. कॅमेऱ्याचे भाडे वाचले तर २६ लग्नांचे ९१,००० रुपये उरतील हे धरूनसुद्धा वर्षाअखेर सुमारे ९२,६०० रुपये कमी पडतात. ही तूट स्टुडिओतील कामातून भरून निघेल असे आपण लिहिले आहे. पण त्यासाठी वीजबिल आणि मदतनिसाचा पगार जाऊन दरमहा ७,७०० रुपये, तेही पहिल्या महिन्यापासून, सुटले पाहिजेत. टिळकवाडीत आपली ओळख किती आहे याविषयी पत्रात एकही वाक्य नाही, आणि आपले बहुतेक गिऱ्हाईक खानापूर, नंदगड आणि चंदगडकडचे आहे.

वार्षिक बेरजेपेक्षा मला अधिक काळजी वाटते ती पावसाळ्याची. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात मुहूर्त जवळजवळ नसतात, पुढे पौषात पुन्हा खंड पडतो, आणि आपल्या २६ लग्नांपैकी निम्मी एप्रिल-मेमध्येच झाली आहेत. हप्ता मात्र पंचांग पाहत नाही. जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत घरखर्च, हप्ता आणि भाडे मिळून २,३१,००० रुपयांहून अधिक लागतील; सोसायटीतील आपली सगळी ठेव ४ लाखांची आहे, म्हणजे पहिल्याच पावसाळ्यात तिचा निम्म्याहून अधिक भाग संपू शकतो. त्यात अधिक मासही विचारात घ्यावा लागतो. २०२३ चा अधिक श्रावण चातुर्मासातच आल्यामुळे व्यवसायाला त्याचा फारसा फटका बसला नाही. २०२६ चा अधिक ज्येष्ठ मात्र १७ मे ते १५ जून असा, ऐन हंगामात येतो. पाच वर्षांच्या कर्जात असा एखादा महिना गाठ पडणारच, हे धरून चालावे.

म्हणून माझा सल्ला असा की स्टुडिओ आत्ता नको, जमीन तारण ठेवणे तर मुळीच नको, आणि कॅमेऱ्याचा संच एकच घ्यावा.

दोन संच का नकोत, हे आपल्याच वहीतून दिसते. आपण प्रत्येक लग्नाला एकच कॅमेरा भाड्याने आणता आणि दुसरा म्हणून आपला जुना डीएसएलआर वापरता. पहिला नवा संच वर्षाला ९१,००० रुपयांचे भाडे वाचवतो. दुसरा संच एक रुपयाही वाचवत नाही. दोन्ही कॅमेऱ्यांचे रंग सारखे आले तर एडिटिंग सोपे जाते हे मला मान्य आहे, पण त्या सोयीची किंमत २,६०,००० रुपये आहे. पहिल्या संचाची हीच किंमत प्रत्येक लग्नाच्या ३,५०० रुपयांच्या हिशेबाने ७५ लग्नांत, म्हणजे तीन वर्षांच्या आत वसूल होते, आणि कॅमेरा त्यानंतरही चालतो. जुन्या डीएसएलआरला आज किती पैसे येतात हे आपण विचारून पाहिले असेलच. नवा कॅमेराही त्याच वाटेने जाणार आहे, त्यामुळे तो मालमत्ता म्हणून नव्हे, झिजणारे अवजार म्हणून घ्यावा.

या २,६०,००० पैकी १ लाख ठेवीतून काढावेत आणि १,६०,००० रुपयांसाठी राष्ट्रीयीकृत बँकेत मुद्रा कर्जाचा अर्ज करावा. ५०,००० ते ५ लाखांपर्यंतची रक्कम त्यातील ‘किशोर’ गटात येते आणि तिला तारण लागत नाही. १२ टक्के दर धरला तरी तीन वर्षांसाठी हप्ता सुमारे ५,३०० रुपये, म्हणजे वर्षाला ६४,००० च्या आत येतो. वाचणाऱ्या ९१,००० रुपयांतून हप्ता भरून काही रक्कम शिल्लकही राहते. मात्र ती बचत हंगामातच होणार असल्याने मे अखेर चार पावसाळी हप्त्यांचे २१,२०० रुपये वेगळ्या खात्यात टाकून ठेवावेत.

ठेवीविषयी थोडे स्पष्ट लिहितो. आपल्या भागात गल्लोगल्ली सोसायट्या आहेत, त्यांचे लोक ओळखीचे असतात आणि व्याजही चढे मिळते. परंतु ५ लाखांपर्यंतचे ठेव विमा संरक्षण बँकांतील ठेवींना, सहकारी बँका धरून, मिळते. पतसंस्था किंवा सोसायटीतील ठेवींना ते नाही. उरलेल्या ३ लाखांपैकी सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे १,६८,००० रुपये, मुदत संपताच बँकेत हलवावेत. व्याज थोडे कमी मिळेल, ते मिळू द्यावे.

लोकांकडे थकलेल्या १,१०,००० रुपयांचा उल्लेख आपण पत्राच्या शेवटी, ओघात केला आहे. माझ्या दृष्टीने तो पत्रातील सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. अल्बम घरपोच दिल्यावर पैसे मागणे अवघड जाते, विशेषतः जिथे गिऱ्हाईक म्हणजे पाव्हणेच असतात. ऑर्डर घेताना ४० टक्के, हळदीच्या दिवसापर्यंत आणखी ४० टक्के आणि अल्बम छपाईला पाठवण्यापूर्वी उरलेले २० टक्के, असे ऑर्डरच्या कागदावर लिहून सही घ्यावी. थकलेली निम्मी रक्कम वसूल झाली तरी मुद्रा कर्ज १ लाखाच्या आसपास येईल.

जीएसटीचे उत्तर सोपे आहे. सेवा देणाऱ्याला वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर नोंदणी करावी लागते, आणि सेवा दुसऱ्या राज्यात दिली तरी ही मर्यादा लागू राहते. आपली उलाढाल १२,५२,००० आहे, त्यामुळे चंदगड किंवा कोल्हापूरच्या लग्नासाठी नोंदणीची सक्ती नाही. हौसेने नोंदणी केलीत तर १८ टक्के कर लावावा लागेल आणि लग्नघराला त्याची वजावट कुठेच मिळणार नाही.

कॅमेरा घेतल्याने आयकर वाचेल, असे विक्रेत्याने आपल्याला सांगितले आहे. आपण गृहीत उत्पन्नाच्या, म्हणजे जमेच्या ठरावीक टक्क्यांइतका नफा धरण्याच्या, योजनेत विवरणपत्र भरता. तीत घसाऱ्याची वेगळी वजावट मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत एवढ्या उत्पन्नावर आपल्याला कर भरावाही लागत नाही. जो कर नाहीच, तो वाचणार कसा? उलट, डिजिटल जमेवर ६ आणि रोख जमेवर ८ टक्के हे नफ्याचे किमान प्रमाण आहे. प्रत्यक्ष नफा ५ लाखांचा असताना लाखभर दाखवणे योग्य नाही, आणि बँकेचा अधिकारीही विवरणपत्रातील आकडा पाहूनच कर्ज ठरवतो.

ड्रोनचा आपण ओझरता उल्लेख केला आहे. सांबऱ्याचा विमानतळ आणि शहरातील लष्करी परिसर पाहता बेळगावजवळ उड्डाणाच्या परवानगीचा प्रश्न येतो, म्हणून त्यासाठी आत्ता पैसे गुंतवू नयेत. गिऱ्हाइकाने आग्रह धरला तर परवानाधारक चालकाला त्या दिवसापुरते बोलवावे.

स्टुडिओची इच्छा मात्र मी मोडीत काढत नाही. येत्या पावसाळ्यात महिन्यातून चार दिवस एखाद्या परिचिताचा स्टुडिओ दिवसाच्या भाड्याने घ्यावा, व्यक्तिचित्रांच्या आणि उद्यमबागेतील कारखान्यांच्या उत्पादनांच्या छायाचित्रणाच्या ऑर्डरी मिळवून पाहाव्यात आणि त्यांची नोंद वहीत वेगळ्या पानावर ठेवावी. सलग चार महिने त्या पानावर खर्च जाऊन १५,००० रुपये उरले, तर गाळ्याविषयी पुन्हा लिहावे. त्या वेळी कानडी मजकुराची पाटी, व्यापार परवाना आणि दुकान नोंदणी यांचा खर्चही अंदाजात धरावा. आताच्या २,८०,००० च्या यादीत तो मला कुठे दिसला नाही.