गटचर्चेत गप्प बसणाऱ्या मुलांना बोलते करण्यासाठी कोणते प्रश्न विचारावेत?

आपण लिहिले आहे की सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर 9 ते 12 वर्षांची 14 मुले येतात, गोष्ट वाचून झाल्यावर आपण तिच्यावर चर्चा घेता, पण दर वेळी तीच तीन मुले बोलतात आणि बाकीची मान खाली घालून बसतात. मी 24 वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवतो आहे. सुरुवातीची बरीच वर्षे माझ्या वर्गातही हेच चालत असे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, तो चर्चेसाठी विचारू नये. ‘या गोष्टीतून काय बोध मिळतो?’ असे विचारताच मुलांच्या दृष्टीने तोंडी परीक्षा सुरू होते. मोठ्यांच्या मनातले उत्तर ज्याला हेरता येते तो हात वर करतो आणि ज्याला चुकण्याची भीती वाटते तो गप्प राहतो. पाचवीच्या वर्गात मी एकदा ‘पाणी का महत्त्वाचे आहे?’ असे विचारले होते. सगळा वर्ग एका सुरात ‘पाणी म्हणजे जीवन’ म्हणाला आणि चर्चा अर्ध्या मिनिटात संपली. पुढच्या वर्षी मी विचारले, ‘आपल्या ओढ्याला दिवाळीपर्यंत पाणी असतं, मग ते जातं कुठं?’ मी परगावचा असल्यामुळे मलाही ते नीट माहीत नव्हते. कोणी ऊन म्हणाले, कोणी वाळूचा उपसा म्हणाले, आणि जूनपासून वर्गात एक शब्दही न बोललेली एक मुलगी म्हणाली, ‘गुरुजी, आमची मोटार चालू झाली की काकांच्या हिरीचं पाणी खाली जातं. वढ्याचंबी तसंच आसंल.’ ‘शाब्बास’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तो मी गिळला आणि वर्गाला विचारले, ‘हे खरं आहे का, ते आपल्याला कसं कळेल?’ त्यानंतर मुलांनी घरच्या मोठ्या माणसांना सोबत घेऊन, दोरीला दगड बांधून, आठ दिवस दोन विहिरींच्या पाण्याची पातळी मोजली. त्या क्षणी मी ‘हिरी’चे ‘विहीर’ करायला गेलो असतो, तर ती मुलगी पुन्हा वर्षभर बोलली नसती असे मला आजही वाटते.

शाबासकीबद्दल अनेकांचे मत वेगळे असेल, पण चर्चेत ती लवकर दिली की बाकीच्यांना बरोबर उत्तर सापडल्याची खूण मिळते आणि ते विचार करायचे थांबतात.

आपल्या भाषेतली एक बारीक गोष्टही ध्यानात घ्यावी. ‘का’ हा शब्द मुले घरी बहुधा बोलणी खाताना ऐकतात: उशीर का केलास, दूध का सांडलंस. त्यामुळे ‘तुला असं का वाटतं?’ हा साधा प्रश्नही त्यांना जाब विचारल्यासारखा वाटतो आणि ती आपले मत मागे घेतात. त्याऐवजी ‘हे तुला कशावरून वाटलं?’ असे विचारून पाहा. ‘कशावरून’ म्हटले की मूल गोष्टीतली जागा शोधू लागते, पाने उलटते, बोट ठेवून दाखवते.

प्रश्न विचारल्यावर थांबणे हे प्रश्नाइतकेच महत्त्वाचे आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात विज्ञानाचे वर्ग अभ्यासले, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एकच सेकंद थांबतात असे तिला आढळले. तेच 3 सेकंद किंवा अधिक थांबले की उत्तरे लांबतात, एरवी मागे राहणारी मुले बोलू लागतात आणि मुले एकमेकांशी अधिक बोलतात, असेही तिने दाखवले. मी मनात पाच आकडे मोजतो. सुरुवातीला ती शांतता फार अवघड वाटते, पण ती मुलांच्या कामी येते.

तरीही सर्वांसमोर बोलणे काहींना जड जाते. त्यांच्यासाठी आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी बोलणे आणि नंतर गटात सांगणे हा क्रम ठेवावा. फ्रँक लायमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी 1981 मध्ये सुचवलेली ही पद्धत आता जगभर वापरतात. त्यात मी एवढाच बदल केला आहे की, ‘तुझं मत सांग’ ऐवजी ‘तुझ्या जोडीदारानं काय सांगितलं?’ असे विचारतो. दुसऱ्याचे बोलणे सांगताना स्वतःच्या चुकीची धास्ती राहत नाही. प्रत्येकाला तीन चिंचोके देऊन, बोलल्यावर एक मध्ये ठेवायला लावण्याचा प्रयोगही मी केला. पण गप्प मुले ‘मला पण तसंच वाटतं’ म्हणून चिंचोके संपवू लागली, म्हणून तो सोडून दिला.

मला सर्वांत जास्त भरवसा मुलांनी स्वतः विचारलेल्या प्रश्नांचा वाटतो. मध्य प्रदेशात 1972 मध्ये 16 शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुले त्याला पत्राने आपले प्रश्न पाठवत आणि त्यांना उत्तरे जात. आपल्या कट्ट्यावर हे सहज जमेल. गोष्ट वाचून झाली की प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी द्या, नाव न घालता एक प्रश्न लिहायला सांगा आणि त्यातल्याच एका चिठ्ठीवर चर्चा होऊ द्या. कोल्हा आणि करकोच्याच्या गोष्टीवर माझी तयारी ‘करकोचा रागावला होता की त्याला गंमत करायची होती?’ या प्रश्नाची होती, आणि तो वाईट नव्हता. पण एका चिठ्ठीत लिहिले होते, ‘सुरईत तळाला उरलेली खीर करकोच्याला तरी मिळाली का?’ त्यावर मुले इतकी बोलली की मधली सुट्टी कधी झाली ते कळले नाही.

14 मुलांचा एकच गट मोठा होतो, म्हणून सात-सातचे दोन गट करावेत. इतके करूनही एखादे मूल चार-सहा आठवडे बोललेच नाही, तर त्याला सर्वांसमोर ‘तू का बोलत नाहीस?’ असे विचारू नका. चिठ्ठ्या उघडून मोठ्याने वाचण्याचे काम त्याच्याकडे द्या.